पत्ता खरा, पण कोणाचा?

पुण्यातल्या बहुतेक सार्वजनिक संस्थांकडे, मग ती व्याख्यानमाला असो, माजी विद्यार्थी संघ असो की प्रकाशनगृह, ईमेल पत्त्यांची एक जुनी यादी असते. दारातल्या वहीत लोकांनी घाईत लिहिलेले पत्ते नंतर कोणीतरी एक्सेलमध्ये चढवलेले असतात. ही यादी कोणी हात न लावताही शिळी होते. नोकरी सुटली की हिंजवडीतल्या कंपनीनं दिलेला पत्ता बंद होतो आणि शिक्षण संपलं की अनेकदा कॉलेजचाही. गूगलनं तर डिसेंबर २०२३पासून दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकायला सुरुवात केली. मेलेल्या पत्त्यांवरून पत्रं परत येऊ लागली की पाठवणाऱ्याची पत घसरते, आणि मग ज्यांचे पत्ते बरोबर आहेत त्यांनाही निमंत्रण स्पॅममध्ये सापडतं. म्हणून हजारो पत्त्यांची फाइल एआय एजंटकडे सोपवण्याचा मार्ग आता अनेकांना सोयीचा वाटतो. यादी गाळण्याचं काम एजंटनं जरूर करावं. पत्ता त्या माणसाचाच आहे हा निर्णय मात्र त्याच्या हाती देऊ नये, असं माझं मत आहे.

त्याचं कारण तपासणीच्या पद्धतीतच आहे. एजंट स्वतः पत्ते तपासत नाही. तो तपासणी करणाऱ्या सेवेला पत्ते पुरवतो आणि तिची उत्तरं वाचतो. ती सेवा आधी पत्त्याची रचना पाहते, मग त्या डोमेनचा टपाल स्वीकारणारा सर्व्हर आहे का ते शोधते, आणि शेवटी त्या सर्व्हरशी पत्र पाठवल्यासारखा संवाद सुरू करून पत्र न देताच थांबते. सर्व्हर २५० म्हणाला तर पत्ता स्वीकारला, ५५० म्हणाला तर बहुधा अशी पेटीच नाही, आणि ४५०सारखा आकडा आला तर नंतर या. १९८२च्या मूळ मानकात पत्ता थेट विचारण्याची एक आज्ञा होती. स्पॅम पाठवणारे तिच्या आधारे पत्ते गोळा करू लागले, तशी बहुतेक सर्व्हरांनी ती बंद केली. आजचा आडवळणाचा मार्ग त्यातून आला. पण काही कंपन्यांचे सर्व्हर कुठल्याही नावाला २५० म्हणतात, सोसायटीचा वॉचमन फ्लॅट नंबर न विचारता प्रत्येक पार्सल ठेवून घेतो तसे. त्याहून अवघड म्हणजे, काही जुने बंद पडलेले पत्ते स्पॅम पकडण्यासाठी सापळे म्हणून पुन्हा चालू केले जातात. तेही २५०च म्हणतात. तपासणीत ते पूर्ण निरोगी दिसतात.

एजंटची खरी मदत होते ती गोंधळ निस्तरताना: दुबार नोंदी काढणं, एकाच रकान्यात कोंबलेले दोन पत्ते वेगळे करणं, जीमेलमधली अदलाबदल झालेली अक्षरं ओळखणं. डोमेनमधली चूक सुधारणं बहुतेक वेळा सुरक्षित असतं. नावातली चूक सुधारणं नाही. आपली आडनावं रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात. एजंटनं एखादं अक्षर 'दुरुस्त' केलं की पत्ता दुसऱ्याच माणसाचा होतो, आणि तो जिवंत असल्यामुळे तपासणीत उत्तीर्णही होतो. शिवाय सेवेचं उत्तर वेळेत आलं नाही तर भाषिक मॉडेल ती रिकामी जागा पटण्याजोग्या शब्दांनी भरू शकतं. म्हणून प्रत्येक निकालापुढे सर्व्हरचा आकडा आणि वेळ असलीच पाहिजे. ती नसेल तर तो पत्ता 'माहीत नाही' या गटात जावा.

उलट्या दिशेची चूकही घडते, आणि ती मला अधिक खुपते. '.भारत' हे डोमेन २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीत सुरू झालं. त्या कामात पुण्याच्या सी-डॅकचा वाटा होता. देवनागरी ईमेल पत्त्यांची मानकं २०१२पासून आहेत. तरीही अनेक साधनं रोमनेतर अक्षर दिसताच पत्ता अवैध ठरवतात. मराठी संस्थेनं मराठी पत्ता कचऱ्यात टाकावा यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. यादी सोपवण्याआधी असा एक पत्ता साधनाला देऊन पाहावा.

मग पत्ता कोणाचा हे ठरवायचं कोणी? ज्याचा तो आहे त्यानंच, होकार देऊन. यावर आक्षेप येईल की प्रत्येकाकडून होकार मागवायला गेलो तर यादी निम्मीही उरणार नाही. सगळ्यांना विचारण्याची गरजच नाही. जे अलीकडे उत्तर देतात, नावनोंदणी करतात, त्यांचा होकार आधीच मिळालेला आहे. पत्र 'उघडलं' ही नोंद मात्र पुरावा मानू नये. ॲपलच्या २०२१च्या गोपनीयता सोयीनंतर ती भरवशाची राहिलेली नाही. उरलेल्या संशयास्पद गटाला एकच छोटं पत्र पाठवावं: निमंत्रणं हवी असतील तर या दुव्यावर टिचकी मारा. जे गप्प राहतील त्यांना वगळावं. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलवर दिवसाला ५,०००हून अधिक पत्रं धाडणाऱ्यांना तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांखाली ठेवावं लागतं, आणि अशी तक्रार करतो तो जिवंत पत्त्यावरचाच माणूस.

दुसरा आक्षेप खर्चाचा: फुकटची सेवा असताना एवढी उस्तवार का? कारण ती यादी सभासदांची आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार बाहेरच्या कंपनीला काम दिलं तरी जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेचीच राहते. फाइल चढवण्याआधी नावं, फोन, घरचे पत्ते हे रकाने काढून टाकावेत. तपासणीला फक्त ईमेल पुरतो. ती फाइल सेवेकडे किती दिवस राहते आणि मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरली जाते का, हे करारात कसं वाचायचं ते पुढच्या लेखांकात.