सिम्युलेटरमधली 'लायब्ररी' : बिनकामाची वाटली म्हणून काढू नका!



माझा भाचा सातवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्याने एक्स-प्लेन या विमान सिम्युलेटरसाठी कराडची धावपट्टी तयार केली. त्यासाठी वर्ल्डएडिटर नावाचं मोफत सॉफ्टवेअर मिळतं. पंधरा दिवस खपून त्याने हँगर, कुंपण, झाडं, पाण्याची टाकी असं सगळं जागच्या जागी ठेवलं.

संगणक माझा. डिस्क भरत आली म्हणून मी साफसफाईला बसले. 'ओपनसीनरीएक्स' नावाचा एक भला मोठा फोल्डर दिसला. त्यात ना विमानतळ, ना गाव. नुसत्या सुट्या वस्तू! बिनकामाचा समजून मी तो उडवला. संध्याकाळी पोरगं रडवेलं होऊन आलं, "मावशी, माझे हँगर गेले!"

खरं तर त्याचं काम जसंच्या तसं होतं. चूक माझी होती. ती तुमच्या घरी होऊ नये म्हणून हे थोडं समजून घेऊ.

लायब्ररी म्हणजे काय?

आपल्या शाळेतली साहित्यपेटी आठवा. पाठाच्या टाचणात आपण 'पेटीतले मणी घ्या' एवढंच लिहितो, मणी काही टाचणाला चिकटवत नाही. सिम्युलेटरमध्येही तसंच आहे. मुलाच्या फाईलमध्ये हँगरचं फक्त नाव, जागा आणि दिशा असते. हँगर स्वतः लायब्ररीत असतो. एकच लायब्ररी अनेक विमानतळांना पुरते, त्यामुळे जागाही वाचते.

प्रत्येक लायब्ररीत 'लायब्ररी.टीएक्सटी' ही फाईल असते. ते तिचं डेडस्टॉक रजिस्टरच समजा. एका बाजूला वस्तूचं नाव, दुसऱ्या बाजूला ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते. लायब्ररी एकटी असली तर पडद्यावर काहीच दिसत नाही. पण ती काढली की तिच्यावर अवलंबून असलेले सगळे विमानतळ उघडे पडतात.

काय हरवलंय ते कसं शोधायचं?

एक्स-प्लेनच्या मुख्य फोल्डरमध्ये 'लॉग.टीएक्सटी' असते. सिम्युलेटर दर वेळी सुरू होताना ती नव्याने लिहितो. न सापडलेल्या वस्तूचं नाव आणि ती कुठल्या पॅकने मागितली, हे त्यात येतं. नावाचा पहिला शब्द बहुधा लायब्ररीचाच असतो. आम्ही तेवढं वाचलं, ती लायब्ररी पुन्हा आणून 'कस्टम सीनरी' फोल्डरमध्ये ठेवली, आणि सगळे हँगर परत उभे!

क्रम का महत्त्वाचा?

'कस्टम सीनरी'मध्ये 'सीनरी_पॅक्स.आयएनआय' नावाची यादी असते. यादीत जो वर, तो चित्रातही वर. पंगतीत आधी सतरंजी, मग पाट, मग ताट. ताटं मांडल्यावर वरून सतरंजी टाकली तर जेवण दिसेल का? तेच इथे होतं. म्हणून वरून खाली साधारण असा क्रम ठेवा :

१. स्वतः घातलेले विमानतळ
२. सिम्युलेटरसोबत आलेले 'ग्लोबल एअरपोर्ट्स'
३. लायब्ररी
४. रस्ते, इमारती, जंगल यांचे थर
५. उपग्रहचित्रांची जमीन
६. सगळ्यात खाली मेश, म्हणजे जमिनीचा चढउतार

लायब्ररी यादीत कुठेही चालते, कारण ती नावाने शोधली जाते. दोन लायब्ररींत एकच नाव असेल तर मात्र वरचीची वस्तू घेतली जाते.

गंमत अशी, की नवा पॅक टाकला की एक्स-प्लेन त्याला यादीत सगळ्यात वर बसवतो. नवा मेश टाकल्यावर विमानतळ गायब झाला, तर घाबरू नका. सिम्युलेटर बंद करा, यादी नोटपॅडमध्ये उघडा, मेशची ओळ खाली न्या आणि जतन करा.

काढायचंच असेल तर?

आधी काढू नका, बंद करून पाहा. ओळीच्या सुरुवातीच्या 'सीनरी_पॅक' या शब्दाला '_डिसेबल्ड' जोडलं की तो पॅक वाचला जात नाही. दोन-चार विमानतळांवर उतरून पाहा. काही बिघडलं नाही तरच फोल्डर हलवा.

वर्गासाठी एक धागा

जमिनीच्या फाईलींची नावं अक्षांश-रेखांशांवरून असतात. एक फाईल म्हणजे १ अंश बाय १ अंशाचा तुकडा. कराड '+१७+०७४' मध्ये येतं, म्हणजे १७ ते १८ उत्तर अक्षांश आणि ७४ ते ७५ पूर्व रेखांश. पुण्याचा विमानतळ '+१८+०७३' मध्ये. आपल्या गावाची फाईल कोणती, हे मुलांना नकाशावरून शोधू द्या. सहावी-सातवीची मुलं यात रमतात.

एक वही ठेवा

आता भाच्याने वही घातलीय. चार रकाने : पॅकचं नाव, कुठून घेतला, तारीख, कोणत्या लायब्ररी लागतात. अनोळखी ठिकाणाहून काही उतरवायचं नाही, हा नियमही पहिल्याच पानावर आहे. आणि त्याखाली त्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय, 'मावशीने विचारल्याशिवाय काही डिलीट करू नये.'

मी खाली सही केलीय!