मायेचें शरीरशास्त्र

श्रोतेहो, एकाच प्रसंगास दोन माणसें दोन तऱ्हांनीं तोंड देतात, हें आपण नेहमीं पाहतों. अवेळीं दारावर थाप पडली, तर एकाच्या छातींत क्षणभर धडधडतें आणि लगेच निवतें. दुसऱ्याची रात्रभराची झोंप उडते. 'ज्याचा त्याचा स्वभाव' असें म्हणून आपण विषय मिटवितों. परंतु हा स्वभाव घडतो कसा, आणि त्याच्या घडणींत तान्हेपणाचा वांटा किती, या प्रश्नाचा शोध कॅनडांतील माँट्रियल शहरीं मॅकगिल विद्यापीठाचे मेंदुशास्त्रज्ञ मायकेल मीनी यांनीं अनेक वर्षें घेतला. त्याची हकीकत आज आपणांपुढें ठेवावयाची आहे.

प्रथम भीतीचें शारीरिक कार्य कसें चालतें तें पाहूं. संकटाची चाहूल लागतांच मेंदूच्या तळाशीं असलेल्या हायपोथॅलॅमस या केंद्रांतून निरोप निघतो. पिट्युइटरी ग्रंथीमार्फत तो मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींस पोंचतो, आणि त्या रक्तांत एक संप्रेरक सोडतात. माणसांत त्यास कॉर्टिसॉल म्हणतात, उंदरांत कॉर्टिकोस्टेरॉन. त्याच्या योगानें रक्तांतील साखर वाढते व पळावयास किंवा झुंजावयास बळ मिळतें. हें संप्रेरक आपला वैरी नव्हे. परंतु पाहुणा कितीहि भला असला, तरी त्यानें मुक्काम ठोकला म्हणजे घराची ओढाताण व्हावयाचीच. म्हणून त्यास वेळेवर निरोप देण्याची योजनाहि मेंदूंतच आहे. हिप्पोकॅम्पस नांवाच्या भागांत त्यास ओळखणारे ग्राही रेणू असतात. त्यांनीं संप्रेरक टिपलें, कीं 'आतां पुरे' असा संदेश वरील केंद्राकडे जातो. हे ग्राही विपुल असले तर भीति लवकर ओसरते. तुटपुंजे असले तर ती रेंगाळते.

या ग्राहींची संख्या कशावरून ठरते? १९५७ सालीं अमेरिकन संशोधक सेमूर लेव्हिन यांनीं दाखविलें होतें, कीं उंदराचीं नवजात पिलें रोज थोडा वेळ हातांत घेऊन परत ठेवलीं, तर मोठेपणीं तीं संकटांत कमी गांगरतात. मीनी व त्यांचे सहकारी यांनीं त्याच्याहि पुढें पाहिलें. परत आलेल्या पिलांना आई अधिक चाटते, हा त्यांतील मर्माचा भाग होता. मग त्यांनीं माणसाचा हात न लागतां आयांचें वर्तन न्याहाळलें. कांहीं माद्या पहिल्या आठवड्यांत पिलांना वरचेवर चाटून-पुसून घेत, कांहीं क्वचित्. १९९७ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, कीं अधिक चाटलेल्या पिलांच्या हिप्पोकॅम्पसमध्यें मोठेपणीं ग्राही अधिक होते, व त्यांचें संप्रेरक लवकर आटोक्यांत येई.

हा रक्ताचाच गुण असेल, अशी शंका येथें कोणीहि घेईल. तिचें निरसन करण्याकरितां पिलांची अदलाबदल केली गेली. मायाळू आईच्या ओटींत घातलेलीं परकीं पिलेंहि शांत वृत्तीचीं निपजलीं; इतकेंच नव्हे, तर त्यांतील माद्या पुढें आपल्या पिलांना त्या पालक आईप्रमाणेंच चाटूं लागल्या. हा वारसा रक्तानें आला नव्हता, संगोपनानें आला होता. १९९९ सालीं हें प्रसिद्ध झालें. पुढें २००४ सालीं मोशे झीफ यांच्या सहकार्यानें त्याचा रासायनिक पुरावाहि मिळाला. ग्राही निर्माण करणाऱ्या जनुकावर मिथिल नांवाचे बारीक रासायनिक टिळे असतात व ते त्या जनुकाचें कार्य दाबून टाकतात. उपेक्षित पिलांत ते अधिक आढळले. जनुकाची अक्षरें तींच. पण कोणतीं मोठ्यानें वाचावयाचीं, हें पहिल्या आठवड्यांतील जिभेच्या स्पर्शानें ठरत होतें.

उंदरावरून माणसाची परीक्षा करतांना जपूनच बोललें पाहिजे. तथापि २००९ सालीं याच गटानें आत्महत्या केलेल्या व्यक्तींच्या मेंदूंचें परीक्षण केलें, तेव्हां ज्यांचा बालपणीं छळ झाला होता त्यांच्यांत त्याच जनुकावर तसे टिळे अधिक दिसले.

यावरून आईस दोष देण्यास कोणी धांवूं नये. मीनी यांच्याच प्रयोगशाळेंत २००६ सालीं असें आढळलें, कीं एरव्हीं मायाळू असणाऱ्या मादीस गर्भारपणीं ताणाखालीं ठेवलें, तर ती पिलांना कमी चाटते. मायेचा झरा आटतो तो आईवर ओझें पडलें म्हणून. शिवाय तान्हेपणीं पडलेला ठसा अगदींच अमिट नसतो. आईपासून वारंवार दूर ठेवलेल्या पिलांना पुढें सोबती, खेळ व ऐसपैस जागा मिळाली, तेव्हां त्यांचा भित्रेपणा बराच निवळला.

तेव्हां, श्रोतेहो, बाळाचें हित पाहावयाचें तर आधीं त्याच्या आईचा भार हलका केला पाहिजे. बाळंतिणीची झोंप, तिचें अन्न, तिच्या मनाचें स्वास्थ्य हे निव्वळ लाड नव्हेत. पुढच्या पिढीच्या धैर्याची ती पूर्वतयारी आहे. आणि ज्याचें बालपण उपेक्षेंत गेलें, अशा एखाद्या घाबरट मुलास 'भित्रा' म्हणून हिणविण्यापूर्वीं त्याला आज तरी निर्भय सोबत मिळते कीं नाहीं, एवढें आपण अवश्य पाहावें.