सव्वातेरा मिलिमीटरचा बोल्ट

जुन्या लोखंडाच्या ढिगात एखादा असा पाना हमखास निघतो, की त्याच्यावर कोरलेला आकडा आणि त्याच्या तोंडाची रुंदी यांचा काही मेळ लागत नाही. आकडा पाव इंचाचा, तोंड मात्र अर्ध्या इंचाहून मोठं. बनवणाऱ्याची चूक नव्हे. हा व्हिटवर्थचा पाना. त्याच्यावर बोल्टच्या दांड्याची जाडी लिहायची रीत होती, माथ्याची नव्हे. पाव इंची व्हिटवर्थ बोल्टचा माथा भरतो साधारण सव्वातेरा मिलिमीटर. म्हणजे आजच्या संचातला १३चा पाना त्याच्यावर चढत नाही आणि १४चा चढला तर कोपरे खाऊन टाकतो.

जोसेफ व्हिटवर्थ हा मँचेस्टरचा यंत्रकार. त्याने १८४१ मध्ये आट्यांचं माप ठरवून दिलं, ५५ अंशांचा कोन आणि दर जाडीला ठरलेले आटे. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा नट वेगळा. इंग्लंडची यंत्रं कापूस न्यायला वऱ्हाडात आली तेव्हा हे मापही त्यांच्याबरोबर आलं. दारव्ह्यावरून जाणाऱ्या यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरलाच घडलं होतं आणि ते १९९४ पर्यंत धावलं. रेल्वे, जिनिंगची यंत्रं, विहिरीवरची तेल इंजिनं या वाटांनी इंची माप गावागावांतल्या फिटरच्या हातात बसलं. आपल्या लोकांनी ते सुतात मोजलं. आठ सूत म्हणजे एक इंच. अर्धा इंची बोल्ट चार सुती. सुतार-लोहारांचा हिशोब आधीपासून सुताचाच, त्यामुळे बंडीच्या चाकाची धाव आणि इंजिनाचा नट एकाच मापात बोलू लागले.

देशात मेट्रिक पद्धत आणणारा कायदा १९५६चा. बाजारातला शेर गेला, किलो आला. लोखंडातला इंच मात्र एवढ्या लवकर हटला नाही. जीपला अमेरिकी इंची पाने, तेल इंजिनाला व्हिटवर्थ, स्कूटरला मिलिमीटर. ज्याच्या घरी ही तिन्ही वाहनं-यंत्रं, त्याच्या पेटीत तीन देशांची भांडणं. त्यावर तोडगा म्हणून सगळ्यांनी जवळ ठेवला तो स्क्रू पाना, तोंड कमी-जास्त होणारा. आजच्या रूपातला हा पाना स्वीडनच्या योहान पेटर योहान्सनचा, १८९० नंतरच्या पहिल्या वर्षांतला. तोच नटांचे कोपरे सगळ्यात जास्त गोल करतो, पण तो मुद्दा वेगळा.

दारव्ह्याच्या शेजारचं आर्णी हे अरुणावतीच्या काठचं, नागपूर-तुळजापूर महामार्गावरचं तालुक्याचं गाव. अशा गावात ‘घरचं गॅरेज’ म्हणजे मोटार ठेवायची खोली नव्हे. टिनाची एक पेटी असते, ती खाटेखाली नाहीतर माळ्यावर. वावरातलं इंजिन बंद पडलं की मिस्त्रीला निरोप जाऊन तो येईपर्यंत पिकाचं पाणी थांबतं, म्हणून मालकालाच पेटी उघडावी लागे. या हत्यारांचा इतिहास हौसेपेक्षा गरजेचा आहे.

त्या पेटीत काय काय असे? इंजिनाचं हँडल पेटीत मावत नसे, ते भिंतीला टेकलेलं. डीकॉम्प्रेशनचा लिव्हर उचलायचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहून दाब बसत नाही. हँडल फिरवून चाकाला वेग द्यायचा आणि लिव्हर सोडायचा. पेट्रोल मोटारीचं हँडल जास्त खुनशी. ठिणगी अवेळी पडली तर ते उलटं फिरून मनगट मोडत असे. म्हणून अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा आवळायचा नाही, हा पहिला धडा. कॅडिलॅकने १९१२ मध्ये मोटारीला विजेचा स्टार्टर दिला. आपल्याकडे अॅम्बॅसॅडरच्या डिकीत हँडल त्यानंतरही कित्येक दशकं पडून होतं. बॅटरीवर कुणाचा भरवसा?

मग व्हॉल्व्ह घासायची काठी. लाकडी दांडी, टोकाला रबराची वाटी. व्हॉल्व्हच्या कडेला कार्बोरंडमची पेस्ट लावून, वाटी चिकटवून, दांडी दोन्ही तळव्यांत ताकाच्या रवीसारखी उलटसुलट फिरवायची. कडेवर सलग करडी पट्टी उमटली की काम झालं. ज्यांच्याकडे काठी नसे ते सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि दांडक्यावर भागवत. बेअरिंग खरवडायचं स्क्रॅपर तर विकत घ्यायची वस्तूच नव्हती. झिजलेली तिधारी कानस घासून ते घरीच व्हायचं. दांड्याला निळा रंग लावून तो बेअरिंगमध्ये फिरवायचा, बेअरिंगवर जिथे रंग बसेल तो उंचवटा, तेवढाच खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा खरवडणं. आता तयार मापाच्या बेअरिंगच्या वाट्या मिळतात, स्क्रॅपरचं कामच उरलं नाही.

मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं ते फिलर गेजबद्दल. पोलादाच्या पातळ पात्यांचा हा जुडगा, प्रत्येक पात्यावर जाडी. बजाज चेतक आली १९७२ मध्ये, किनेटिकची लुनाही त्याच साली; आणि दोन चाकांचं पेट्रोल इंजिन मध्यमवर्गीय घरात शिरलं. चेतकचे ठिणगी पाडणारे पॉइंट फ्लायव्हीलच्या मागे दडलेले, त्यातल्या खिडकीतून पातं सरकवून फट बघायची. साधारण ०.४ मिलिमीटर. पातं घासत सरकलं पाहिजे, पण अडकता कामा नये. पॉइंट नेमके कधी उघडतात हे बघायला सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद त्यांच्यामध्ये धरून हलका ओढत राहायचा. सुटला, तो क्षण. कमी खर्चाचं इतकं अचूक उपकरण मी दुसरं पाहिलेलं नाही. फ्लायव्हील काढायचीच वेळ आली तर आटे असलेला मॅग्नेट पुलर लागे. तो सगळ्यांकडे नसे. गल्लीत एखाद्याकडे असे आणि त्याचा भाव त्यामुळे वाढलेला असे.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं आणि पॉइंट गेले. पात्यांचा जुडगा टॅपेटपुरता उरला. २०२०च्या एप्रिलपासून बीएस-६ आलं, बहुतेक नव्या दुचाकींना इंधन इंजेक्शन बसलं, आणि कार्बोरेटरबरोबर जेट साफ करायची पितळी तारही बाद झाली. देखभाल नको असलेल्या बॅटरीने हायड्रोमीटर घालवला. काचेच्या नळीतला तो तरंगणारा काटा १.२६च्या आसपास उभा राहिला की बॅटरी भरलेली. ट्यूबलेस टायरने गरम पंक्चरचा शिकंजा घालवला.

इथे रडायचं कारण नाही. पॉइंट जळायचे, ऐन पावसात स्कूटर ढकलायला लागायची, इंजेक्शनची गाडी तशी छळत नाही. हत्यार झिजून बाद झालं असतं तर ती लोखंडाची गोष्ट झाली असती. ही हत्यारं मात्र धडधाकट असताना बाद झाली, कारण ज्या भागासाठी ती होती तो भागच मालकाच्या हाताबाहेर नेऊन ठेवला. आता दोष शोधायला स्कॅनर लागतो आणि तो बहुधा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने हाताळायच्या क्षेत्रांत शेतीची अवजारं आणि वाहनं दोन्ही आहेत. वावरातल्या माणसाला हा हक्क कायद्याआधी पेटीतून मिळालेला होता.

सगळंच गेलं असंही नाही. ग्रीसगन मोटारींतून हद्दपार झाली, पण ट्रॅक्टरच्या निपलांना तिच्याशिवाय चालत नाही. जुन्या कानशीच्या सुऱ्या होतात, कमानपाट्याचे विळे होतात. चांगलं पोलाद लोहार सोडत नाही. व्हिटवर्थचे पाने मात्र भंगारात किलोवर जातात. त्यांचे बोल्ट अजून कुठल्या इंजिनावर असतील तर ते खोलताना छिन्नी-हातोडीच वापरली जाणार.

बजाजने २०२० मध्ये चेतक हे नाव पुन्हा रस्त्यावर आणलं, या वेळी विजेवर. तिला प्लग नाही, पॉइंट नाहीत, क्लचही नाही. आरसा सैल झाला तर पाना लागतोच, तेवढा मिलिमीटरचा.