मुलाखतीतील अवघड प्रश्न : तयारी आणि उत्तरे

वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेस वसलेले माणिकपूर आज वसई-विरार शहर महानगरपालिकेचा दाट वस्तीचा भाग आहे. येथील तरुण नोकरीसाठी मुख्यतः दोन दिशांना जातात. काही पूर्वेकडील वालीव, सातिवली, गोखिवरे येथील कारखान्यांत, तर अनेक जण पश्चिम रेल्वेने थेट मुंबईस. केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या कनिष्ठ श्रेणीतील पदांच्या मुलाखती बंद केल्या. तथापि खाजगी कारखाने, कार्यालये आणि वरिष्ठ शासकीय पदे यांच्या वाटेवर मुलाखत आजही उभी आहे. गुणपत्रिका उत्तम असूनही दोन-तीन प्रश्नांपाशी अडखळून संधी गमावणारे उमेदवार थोडे नाहीत. ज्यांच्या घरातील पहिलीच व्यक्ती कार्यालयीन नोकरीच्या दारात उभी आहे, त्यांना या प्रश्नांची पूर्वकल्पना देणारे कोणी नसते.

प्रश्नामागील हेतू

"इतक्या लांबून रोज वेळेवर कसे याल?" हा प्रश्न माणिकपूरच्या उमेदवारास हटकून विचारला जातो. वसई रोड ते चर्चगेट हे अंतर सुमारे ५२ किलोमीटर आहे. प्रश्नकर्त्यास उमेदवाराच्या गावाविषयी आकस नसतो. त्याला हजेरीची खात्री हवी असते. म्हणून "येईन, साहेब" एवढे उत्तर अपुरे पडते. कोणती गाडी धरणार, प्रवासास किती वेळ लागतो, एखादी गाडी चुकल्यास दुसरी कोणती, हे सांगितले की शंका फिटते. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-नालासोपारा परिसरात रुळांवर पाणी साचून लोकल वाहतूक बंद पडली होती. तेव्हा "एकही दिवस खाडा होणार नाही" असे आश्वासन देऊ नये. "अशा प्रसंगी तत्काळ कळवीन आणि राहिलेले काम भरून काढीन" हे उत्तर अधिक विश्वसनीय ठरते. प्रत्येक अवघड प्रश्नामागे अशी एखादी साधी शंका असते. ती ओळखून तिचे निरसन करणे, हेच खरे उत्तर होय.

खंड, उणीव आणि वेतन

शिक्षणात वा नोकरीत खंड पडला असेल तर तो लपवू नये. "वडिलांच्या आजारपणामुळे दोन वर्षे शिक्षण थांबले. त्या काळात घरचा भाजीचा व्यवसाय सांभाळला, हिशेब मीच ठेवीत असे. त्यानंतर पदविका पूर्ण केली." एवढ्या तीन वाक्यांत कारण, त्या काळातील काम आणि पुढील प्रगती येते. आधीची नोकरी का सोडली, या प्रश्नास उत्तर देताना जुन्या मालकाची निंदा टाळावी.

"तुमची उणीव सांगा" यावर "मी फार कष्ट करतो हीच माझी उणीव" असे म्हणणे कोणासही पटत नाही. खरी उणीव सांगावी आणि तिच्यावर चालविलेला उपायही सांगावा. वेतनाच्या अपेक्षेबाबत तशाच कामाचे प्रचलित दर आधी विचारून ठेवावेत आणि किमान-कमाल मर्यादा सांगावी.

माहितीचे आणि मताचे प्रश्न

स्पर्धा परीक्षांच्या मुलाखतीत उमेदवाराच्या तालुक्याविषयी प्रश्न येऊ शकतात. "वसईच्या तहाचे महत्त्व काय?" असा प्रश्न आल्यास कोणता तह, हे आधी स्पष्ट करून घ्यावे. १५३४ चा तह गुजरातचा बहादूरशाह आणि पोर्तुगीज यांच्यात झाला, तर १८०२ चा दुसरा बाजीराव आणि इंग्रज यांच्यात. असा खुलासा विचारणे हा अज्ञानाचा भाग नव्हे. उत्तर येतच नसेल तर "मला माहीत नाही" असे शांतपणे म्हणावे. अंदाजाने ठोकलेले उत्तर पुढील प्रश्नात उघडे पडते.

काही प्रश्न मताचे असतात. नवघर-माणिकपूरसह चार नगरपरिषदा आणि परिसरातील गावे मिळून २००९ मध्ये महानगरपालिका झाली, तेव्हा गावांच्या समावेशावरून तीव्र मतभेद झाले. यावर मत विचारल्यास नागरी सुविधांची गरज आणि गावांना वाटणारी स्वायत्ततेची काळजी, या दोन्ही बाजू मांडून मगच आपले मत सकारण सांगावे.

अनुचित प्रश्न

"लग्न कधी करणार? मुले झाल्यावर नोकरी सोडाल का?" असे प्रश्न तरुणींना आजही विचारले जातात. १९७६ च्या समान वेतन कायद्याने नोकरभरतीत स्त्रियांबाबत भेदभाव करण्यास मनाई केली होती. त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. नोकरी देण्यासाठी एचआयव्ही तपासणीची अट घालण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. अशा प्रश्नावर वाद न घालता "कामाच्या वेळा आणि जबाबदारी मला ठाऊक आहे, ती मी पार पाडीन" असे सांगून संभाषण कामाकडे वळवावे. खाजगी तपशील देण्यास नम्रपणे नकार देण्यातही काही गैर नाही.

शिक्षक व पंचायत सदस्यांचे साहाय्य

सरावाविना ही तयारी कागदावरच राहते. शाळा सुटल्यानंतरचा एक वर्ग किंवा तालुक्यातील ग्रामपंचायतीचे सभागृह, तीन खुर्च्या आणि गावातील अनुभवी माणसे, एवढ्यावर सराव-मुलाखत घेता येते. निवृत्त बँक कर्मचारी, कारखान्यातील फोरमन आणि एखादी नोकरदार महिला असे मंडळ असावे. उमेदवाराचे उत्तर साधारण एका मिनिटात संपावे. उत्तरे पाठ करवून घेऊ नयेत, मुद्दे तेवढे पक्के करावेत. घरी सामवेदी वा वाडवळी बोलणाऱ्या मुलांना आपल्या बोलीचा संकोच वाटू देऊ नये. जेथे मराठीतून मुलाखत देण्याची मुभा आहे, तेथे ती अवश्य घ्यावी. सरावानंतर मंडळाने प्रत्येकास त्याचे एक चांगले उत्तर आणि एक सुधारण्याजोगे उत्तर सांगावे. पुढच्या खेपेस तोच उमेदवार अधिक स्थिर चित्ताने खुर्चीवर बसेल.