वल्हं हाती घेण्याआधी

आज एका खेळाविषयी बोलूया. खेळ पाण्यातला आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, तिथे हे कशाला, असं काहींना वाटेल. म्हणून आधी शेजारच्या जिल्ह्यातली गोष्ट सांगते.

नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यात तळेगाव रोही हे गाव आहे. तेही दुष्काळीच. तिथला दत्तू भोकनळ हा तरुण घर चालवण्यासाठी विहिरी खोदायच्या कामावर जायचा. २०१२ साली तो सैन्यात भरती झाला आणि तिथेच त्याच्या हाती वल्हं आलं. सुरुवातीला त्याला पाण्याची भीती वाटायची. चार वर्षांनी, २०१६ मध्ये, तो रिओच्या ऑलिंपिकमध्ये उतरला आणि तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत त्याने सुवर्णपदक मिळवलं.

या खेळाला रोइंग म्हणतात. एकट्याची शर्यतीची नाव सुमारे ८ मीटर लांब असते, पण रुंदीला दीड वितीच्या आसपास. वजन साधारण १४ किलो, म्हणजे भरल्या हंड्याएवढं. वल्हवणारा जायच्या दिशेला पाठ करून बसतो. बसायची पाटी चाकांवर पुढे-मागे सरकते. जोर आधी पायांनी द्यायचा, मग पाठीने, शेवटी हातांनी. त्यामुळे मनगटापेक्षा मांड्यांचं बळ कामी येतं. मोठी शर्यत २००० मीटरची असते. ऑलिंपिकमध्ये बायकांच्या शर्यती १९७६ पासून आहेत, तेव्हा हा फक्त पोरांचा खेळ नाही.

नाव महाग असते, ती एका घराला परवडत नाही. म्हणून क्लब लागतो. नावा सगळ्यांच्या, पाळी लावून वापरायच्या. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब मुळेच्या काठी आहे. ती पुण्याची मुळा, आपली राहुरीची नव्हे. पण पाणी आपल्याकडेही आहे. १९२६ साली पूर्ण झालेलं भंडारदरा धरण आहे, राहुरीचं मुळा धरण आहे.

चांगल्या क्लबात मूल पहिल्या दिवशी नावेत बसत नाही. आधी पोहणं. मग जमिनीवरच्या मशीनवर वल्हवण्याचा सराव. त्यानंतर रुंद, न डगमगणारी नाव, आणि सगळ्यात शेवटी अरुंद नाव.

यातली पहिली पायरी मात्र क्लबाची वाट न बघता आपल्याला हवी आहे. मुलगे विहिरीत उड्या मारून पोहायला शिकतात. मुलींना काठावरूनच परत बोलावतो. पुढे त्याच मुली धुणं धुवायला, मोटर बघायला पाण्याजवळ जातात. त्यात आता शेततळी आली. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद ओला झाला, शेवाळला की पाय ठरत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. म्हणून शेततळ्याला कुंपण हवं. चारही बाजूंनी, काठावरच्या पक्क्या खुंटाला बांधलेले गाठीचे दोर पाण्यात सोडलेले हवेत. कुणी बुडत असेल तर आपण उडी घ्यायची नाही. ओरडून माणसं जमवायची. दोर, साडी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन त्याच्याकडे टाकायचा.

उद्या कुणी गावाजवळ क्लब काढतो म्हणालं, तर आनंदाने ऐका, पण विचारा. जलसंपदा विभागाची परवानगी आहे का? प्रत्येक मुलाला मापाचं लाईफ जॅकेट आहे का? सोबत मोटरची नाव आणि पोहणारा शिक्षक असतो का? धरणाचे दरवाजे उघडतात, आवर्तन सुटतं, तेव्हा सराव बंद राहतो का? मुलींना कपडे बदलायला आडोसा, बरोबर एखादी बाई आणि घरी परतायला गाडी आहे का? याची उत्तरं नीट मिळाली तर मुलीला नाही म्हणू नका. राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. ते मिळवायला ठरलेल्या स्पर्धांमधली कामगिरी लागते, नुसतं क्लबात नाव घालून भागत नाही.

येत्या बैठकीत बचत गटाच्या हिशेबाबरोबर एवढं करा. गावात शेततळी किती आणि त्यांतल्या किती तळ्यांना दोर आहे, ते लिहून काढा. ज्या तळ्यांना नाही, त्या मालकांच्या घरी दोघीतिघींनी मिळून जा. आणि गावातल्या किती मुलींना पोहता येतं, तेही मोजा.