पाड्यावरच्या शाळेसाठी प्रशिक्षण साहित्य निवडताना

मेळघाटात पहिलीच्या वर्गातले कोरकू मूल ‘ताई आला’ म्हणते. गुरुजी चूक दुरुस्त करून पुढे जातात. कोरकू भाषेत नामांचा मुख्य भेद सजीव आणि निर्जीव असा असतो. मराठीची तीन लिंगे त्या मुलाला सर्वस्वी नवी असतात. हे ठाऊक असलेले गुरुजी त्याला ‘मंद’ म्हणणार नाहीत. मुलांच्या संस्कृतीची जाण हवी ती अशा प्रसंगांसाठी. शिक्षकांना ती जाण देणारे साहित्य निवडताना केंद्रप्रमुखांनी आणि साधनव्यक्तींनी काय पाहावे?

भाषेचा भाग

कोरकू मुंडा कुळातली आहे. गोंडी, माडिया, कोलामी द्रविड कुळातल्या, तर भिली आणि वारली मराठीसारख्याच आर्य कुळातल्या. या सगळ्यांना ‘आदिवासी बोली’ म्हणून एकाच गाठोड्यात बांधणारी पुस्तिका बाजूला ठेवावी. मेळघाटातल्या धारणीसाठी तयार केलेले साहित्य माडियांच्या भामरागडात चालणार नाही. रोजच्या वापरातले शब्द, ते ऐकण्यासाठी ध्वनिमुद्रण आणि मुले मराठीत ठरावीक चुका का करतात याचा उलगडा, एवढे तरी हवेच. शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावे, असे शिक्षण हक्क कायदाही (२००९) सांगतो.

चित्र कोणी रेखाटले?

वारली म्हणजे तारपा आणि भिंतीवरची चित्रे, एवढ्यावर थांबणारे साहित्य स्नेहसंमेलनापुरते उपयोगी पडते. भटक्या-विमुक्तांबाबत अशी चूक अधिक महाग पडते. १८७१ च्या ब्रिटिश कायद्याने त्यांतल्या काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, तरी वर्गात पेन्सिल हरवली की आधी पारध्याच्या पोराचे दप्तर तपासले जाते. साहित्याने हा इतिहास सांगावा आणि शिक्षकाला स्वतःची ही सवय तपासायला लावावी. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ अशी त्या समाजांतून आलेली आत्मकथने सोबत वाचायला द्यावीत.

शिक्षकाला पाड्यावर नेते का?

गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणावर नेली. ती कुरणशाळा. मूल शाळेच्या वेळी कुठे असते, हे आधी पाहिले म्हणून ती सुचली. चांगल्या पुस्तिकेत अशा चौकशीसाठी कोरी पाने असतात: मूल सकाळी कोणते काम करते? घर कोणत्या महिन्यात ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाते? गोष्टी कोण सांगते? शिक्षकाने ती पाने गावात फिरून भरायची.

निवडीची पद्धत

१. मसुदा दोन-तीन शाळांत महिनाभर वापरून पाहावा.

२. त्या समाजातल्या पालकांना आणि आजी-आजोबांना तो वाचून दाखवावा. ज्या वाक्याला ते हसतील किंवा गप्प होतील, ते पुन्हा लिहावे.

३. एक कृती शिक्षण परिषदेच्या तासाभरात बसते का, ते पाहावे.

४. प्रशिक्षणाच्या सह्या आणि फोटो फायलीत जातातच. पण परिणाम कळण्यासाठी महिन्याभराने वर्गात जावे आणि मागच्या रांगेतले मूल किती वेळा बोलले, ते मोजावे.