केरीच्या पाण्याआधी

पेडण्यातल्या केरीला तेरेखोल नदी समुद्राला मिळते. फेरीच्या धक्क्यावर उभं राहिलं की पलीकडे किल्ला आणि समोर गोडं-खारं एकमेकांत शिरणारं पाणी. त्यातले जिवाणू मोजायचे, तर बाटली भरून बर्फाच्या पेटीत ठेवणं हा सोपा भाग. खरं काम आदल्या दिवशीच सुरू झालेलं असतं. त्या जिवाणूंचं अन्न रांधायचं, आणि त्यात आगंतुक एकही शिरू द्यायचा नाही.

क्लॉड झोबेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४१ साली मांडलेलं असं अन्न, म्हणजे माध्यम, थोड्याफार बदलांनी आजही वापरात आहे. लिटरभर पाण्याला ५ ग्रॅम पेप्टोन, १ ग्रॅम यीस्टचा अर्क, नावापुरतं लोह आणि ते थिजवायला १५ ग्रॅम अगर. पाणी समुद्राचंच, पण गाळून बरेच दिवस अंधारात मुरवलेलं. आषाढात नदी लाल गढूळ होते आणि मुखाशी खारटपणा उतरतो. तेव्हा नुसत्या समुद्राच्या पाण्यात केलेलं माध्यम नदीकडून आलेल्या कितीतरी जिवाणूंना मानवत नाही. म्हणून मीठ कमी केलेला दुसरा फ्लास्कही लावायचा. पाण्यातल्या जिवाणूंपैकी फार थोडेच बशीत वाढतात. कोणते वाढतील, हे बरंचसं आपण काय वाढलं यावर ठरतं. मला तर निम्मा प्रयोग इथेच झाल्यासारखा वाटतो.

अगर थंड पाण्यात विरघळत नाही. उकळी येईपर्यंत फ्लास्क हलवत राहावं लागतं, नाहीतर तळाशी लागतं. त्याआधी पीएच ७.६ च्या आसपास आणायचा. माध्यम फार आंबट राहिलं तर उकळताना अगर तुटतं आणि नीट थिजत नाही. फ्लास्क निम्माच भरायचा, कापसाचं बूच बसवायचं, वर कागद बांधायचा.

मग ऑटोक्लेव्ह. १५ पौंड दाब, १२१ अंश सेल्सिअस, १५ मिनिटं. साध्या उकळत्या पाण्यात काही जिवाणूंचे बीजाणू तग धरतात. दाबाखालच्या वाफेत ते मरतात. पण आत हवा अडकली तर काटा १५ वर असूनही तापमान खालीच राहतं. म्हणून वाफेची सलग धार येईपर्यंत झडप बंद करायची नाही, आणि फ्लास्क खेटून रचायचे नाहीत. फ्लास्कवर लावलेल्या चिकटपट्टीवर काळ्या रेघा उमटल्या की पुष्कळ जण निश्चिंत होतात. मात्र ती पट्टी बाहेर उष्णता लागल्याचंच सांगते, फ्लास्कच्या पोटातलं सांगत नाही. काटा शून्यावर येण्याआधी वाफ सोडली, तर माध्यम उसळून बुचं भिजतात आणि भिजलेला कापूस जंतू अडवत नाही.

ही काळजी कशासाठी, ते १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवालने दाखवलं. परळच्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या प्लेगच्या लशीच्या एका बाटलीतून धनुर्वात होऊन १९ माणसं दगावली. ठपका ती लस बनवणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांच्यावर आला. बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी, हे पुढे मान्य होऊन ते निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं. पाच वर्षं एका माणसाने हे ओझं वाहिलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

माध्यम ४५ ते ५० अंशांपर्यंत निवलं की ज्योतीजवळ पेट्री डिशमध्ये ओतायचं. जास्त गरम असेल तर झाकणाला पाणी सुटतं. जास्त निवलं तर गुठळ्या होतात. अगर एकदा थिजलं की ८५ अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय वितळत नाही. अगर वापरून पाहा, हे १८८१ साली फॅनी हेस यांनी सुचवलं. त्याआधी जिलेटिन वापरत. गोव्यातल्या मे महिन्यात ते टेबलावरच पातळ झालं असतं.

आता कोऱ्या बशा. काही न पेरता, केरीच्या पाण्याच्या बशांसोबतच त्या उबवणपेटीत ठेवायच्या. दोन-तीन दिवसांनी पाण्याच्या बशांवर पिवळे, नारिंगी, दुधी ठिपके उठतात आणि प्रत्येकाला तेच बघायचे असतात. मी आधी कोऱ्या बघते. तिथे एक जरी ठिपका असला, तरी त्या खेपेचे आकडे वहीत चढत नाहीत. सगळ्या बशा पुन्हा ऑटोक्लेव्हमध्ये जातात, कारण वाढलेले जिवाणू जिवंत कचऱ्यात टाकायचे नसतात. नवं माध्यम रांधून झालं की भरती-ओहोटीची वेळ बघून परत केरी.